चाळीस दिवसांची शिकवणी

तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. गाडी शिकवणाऱ्याच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर तिचा पाय सत्तावीस वर्षं होता, आणि पाय असा तयार झाला होता की मांजराच्या मनात रस्ता ओलांडायचं येईपर्यंत गाडी थांबलेली असे. लग्न केलं नव्हतं. 'शेजारी बसून सूचना द्यायची सवय लागलीय, नवरा टिकायचा नाही,' असं तीच हसत सांगायची. वय छप्पन्न. आवाज खणखणीत.

सोमवारी डॉक्टरांनी तिला समोर बसवलं, तपासणीचे कागद चाळले, चष्मा काढून पुसला, परत घातला, परत कागद चाळले.

"डॉक्टर, तिसऱ्यांदा तोच कागद बघताय," ती म्हणाली. "टाकीत किती उरलंय तेवढं सांगा."

स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. तीन महिने, फार तर पाच. औषधांनी दुखणं आवरता येईल, त्यापलीकडे काही हातात नाही, असं डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. तिने आभार मानले, जिना उतरली, गाडीत बसली आणि दुपारच्या दोन्ही शिकवण्या घेतल्या. दुसरा विद्यार्थी बँकेतला एक घाबरट गृहस्थ होता. चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता कशी सोडायची, हे त्याला महिनाभर जमत नव्हतं आणि त्या दिवशी जमलं. तिला नेहमीसारखाच आनंद झाला. आज आपल्याला असा आनंद होऊ शकतो याचं मात्र तिला नवल वाटलं.

दोन दिवसांनी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. राखेच्या बुधवारी सकाळी ती चर्चमध्ये रांगेत उभी राहिली. वेदीवर जांभळं कापड होतं, फुलं काढून टाकलेली होती. राख लावणारे फादर तिचेच जुने विद्यार्थी. दोनदा नापास झालेले, आणि अजूनही गाडी मागे घेताना खिडकीतून डोकं बाहेर काढून देवाचा धावा करणारे. त्यांनी अंगठा राखेत बुडवून तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि ते नेहमीचे शब्द म्हटले, माणूस मातीचा आहे आणि त्याला मातीतच जायचं आहे, या अर्थाचे. लहानपणापासून दरवर्षी ती ते ऐकत आली होती. पण आजवर ते सगळ्यांसाठी मिळून असत. यंदा जणू पत्र आलं होतं आणि पाकिटावर तिचं नाव होतं, पत्त्यासकट.

बाकापाशी जाऊन तिने गुडघे टेकले. प्रार्थना सुचेना. एकच विचार डोक्यात फिरत होता: सोमवार, बुधवार, शुक्रवार. चिमणीचं काय?

चिमणी म्हणजे तिच्या ताईची मुलगी. एकतीस वर्षांची, पण जन्मापासून हातापायांत जोर नाही, बोलणं चार-दोन शब्दांचं. भावजी गेल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, आठवड्यातून तीनदा ब्रेकबाईच तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात नेत असे. तिथे तिचे व्यायाम घेत आणि तिला कागदी पाकिटं करायला शिकवत. भाड्याच्या गाडीचा प्रयोग दोनदा करून झाला होता. अनोळखी माणूस चाकामागे बसलेला दिसला की चिमणी असा टाहो फोडायची की पहिला ड्रायव्हर अर्ध्या वाटेतच त्यांना उतरवून निघून गेला. आणि ताईला गाडी येत नव्हती.

उपवासकाळाचे चाळीस दिवस. ब्रेकबाईची शिकवणीही चाळीस दिवसांचीच असायची. कितीही ठोंब्या माणूस असला तरी चाळीस दिवसांत ती त्याला रस्त्यावर आणत असे. ती उठली तेव्हा तिचं ठरलं होतं.

चिमणीला केंद्रात सोडून ती थेट ताईच्या स्वयंपाकघरात गेली. ताई भांडी विसळत होती. तिच्याही कपाळावर राख होती.

"ताई, नळ बंद कर. बस."

"बसायला वेळ आहे का मला? बोल तू, मला ऐकू येतं."

"नळ बंद कर."

ताईने नळ बंद केला. ब्रेकबाईने आडवळण न घेता सगळं सांगितलं. गाठ, यकृत, महिने. ताई ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मग तिने हात पुसले, एकेक बोट वेगळं धरून पुसले.

"डॉक्टरांना काय कळतंय," ती म्हणाली. "आपण दुसऱ्यांना दाखवू."

"दुसऱ्यांनाच दाखवलं. पहिले आणखी वाईट बोलले होते."

"मग मी बघते. आजपासून मी एक वेळ जेवणार. नाही, जेवणारच नाही, पाण्यावर राहीन. चाळीस दिवस. आपल्या मंडळातल्या सगळ्याजणींना प्रार्थनेला बसवते. प्रभूने मेलेल्याला थडग्यातून उठवलं, तुझी एक गाठ त्याला जड आहे का?"

"जड नाही गं. त्याने बरं केलं तर मी नको म्हणणार आहे का? पण तू पाण्यावर राहिलीस तर चिमणीला उचलणार कोण? ती काय फुलासारखी हलकी आहे?" ब्रेकबाईने खुर्ची ओढली. "तुला माझ्यासाठी काही करायचंच असेल ना, तर गाडी शिक."

ताईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने काहीतरी अभद्र उच्चारलं होतं.

"मी एकसष्ट वर्षांची आहे."

"माझ्याकडे सत्तरीचे आजोबा शिकून गेले."

"तसं नाही." ताईने फडकं खाली टाकलं. "तू जाणार असं धरून चालायचं आणि मी त्याची तयारी करायची? मी चाकाला हात लावला म्हणजे मी हो म्हटलं, तुझ्या मरणाला. ते माझ्याच्याने होणार नाही. चालती हो इथून."

आयुष्यात पहिल्यांदा ताईने तिला घराबाहेर काढलं होतं. दुपारी चिमणीला घेऊन ती परत आली तेव्हा ताईने दार उघडलं, लेकीला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. शुक्रवारीही तसंच.

शनिवारी ब्रेकबाई फादरांकडे गेली. पापनिवेदनाची वेळ होती. पण तिने कबुली द्यायच्या ऐवजी गाऱ्हाणंच सुरू केलं. ताई हट्टी, ताई भित्री, ताईला पुढचं दिसत नाही, आणि इथे एकेक दिवस फुकट चाललाय. फादर ऐकत राहिले. तिच्या आजाराचं त्यांना आत्ताच कळत होतं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी तिला मध्ये अडवलं नाही.

"ताईंना एवढ्या वर्षांत कधीच शिकावंसं वाटलं नाही का?" शेवटी त्यांनी विचारलं. अगदी साधा प्रश्न. माहिती घ्यावी तसा.

ती 'नाही' म्हणायला गेली आणि थांबली.

भावजींना जाऊन दोन महिने झाले होते. ताई तिच्याकडे आली होती, पदरात बारा वर्षांची चिमणी. म्हणाली होती, 'धाकटे, मला शिकव. मला कुणावर ओझं व्हायचं नाही.' एक दिवस शिकवलंही. भर चौकात ताईच्या हातून गाडी बंद पडली, मागून भोंगे वाजले, ताईला गाडी परत चालू करता येईना. आणि ब्रेकबाई हसली होती. 'उतर, उतर. हे तुझं काम नाही. मी आहे ना.' ताई उतरली. पुन्हा कधी तिने विषय काढला नाही.

"फादर," ती सावकाश म्हणाली, "बंद तर सगळ्यांचीच पडते. पहिल्याच दिवशी चौकात बंद पडली म्हणून मी आजवर एकालाही घरी पाठवलं नाही. तुम्ही तर कुंपण पाडलं होतं."

"दोन कुंपणं," फादर म्हणाले.

"तरी तुम्हाला शिकवलं. तिला नाही शिकवलं." ती बोलता बोलताच शोधत होती. "मला आवडायचं ते. मी गेल्याशिवाय त्या घराचं पान हलत नाही, हे. लग्न नाही, पोर नाही. पण आठवड्यातून तीन दिवस कुणीतरी खिडकीत उभं राहून माझी वाट बघतंय. ते हातचं जाऊ नये म्हणून मी तिला अपंग करून ठेवलं. आणि वर लोकांनी वाहवा केली की मी बहिणीसाठी किती झिजते."

फादरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"हे त्यांना सांगा," फादर म्हणाले. "तेच प्रायश्चित्त. दुसरं काही देत नाही."

"तिने तोंड फिरवलं तर?"

"फिरवतीलही."

तिने दाराची कडी धरली आणि मागे वळून विचारलं, "मरताना काय होतं हो? तुम्ही एवढ्यांच्या उशाशी बसलात."

फादरांनी उगाच धीराचा आव आणला नाही. "मी दारापर्यंत सोडायला जातो, ब्रेकबाई. आत जाऊन आलेलो नाही. जो जाऊन आला त्याच्यावर माझा विश्वास आहे, एवढंच माझं भांडवल. पण एक पाहिलंय. ज्यांचं कुणाशी काही बोलायचं राहिलेलं असतं, त्यांना फार जड जातं."

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर तिने ताईला आवारातल्या बाकावर गाठलं. चिमणी खुर्चीत बसून पायऱ्यांवरची कबुतरं मोजत होती. तिचे आकडे तीनच्या पुढे जात नसत, म्हणून ती पुन्हा पुन्हा मोजायची. ब्रेकबाईने सगळं सांगितलं. चौक, हसणं, आणि त्यामागचं खरं कारण. शब्द गोड केले नाहीत.

ताई रडेल असं तिला वाटलं होतं. ताई रडली नाही. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"एकोणीस वर्षं," ताई म्हणाली. "एकोणीस वर्षं मी स्वतःला मंद समजत आले. पोरीला ताप आला तरी आधी तुला फोन. आईला शेवटचं भेटायला निघायचं, तर तुझी शिकवणी संपेपर्यंत दारात चपला घालून बसले होते मी. पोचेपर्यंत आई गेली होती. आठवतं?"

"आठवतं."

"तेव्हाही तू म्हणालीस, मी आहे ना."

ताईने चिमणीची खुर्ची फिरवली आणि ती पायी निघून गेली. पुढे दोन दिवस फोन नाही. सोमवारी चिमणीला केंद्रात पाठवलंही नाही. ब्रेकबाई घरी पडून राहिली. गोळ्यांनी जीभ कडू झाली होती. आपण उगाच बोललो, बहीणही गेली आणि वेळही गेला, असं तिला सारखं वाटत होतं.

बुधवारी सकाळी दारावर थाप पडली. ताई उभी होती, हातात शिकाऊ परवान्याचा अर्ज. फोटो चिकटवलेला, सही केलेली. फोटोतसुद्धा ती रागावलेली दिसत होती.

"हे तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "आणि तू मरणार आहेस म्हणूनही नाही. त्या वेळी जी शिकायला आली होती ना, तिच्यासाठी. आणि एक सांगून ठेवते, हसलीस तर दात पाडीन."

"नाही हसणार."

"चल मग. वेळ नाहीय आपल्याकडे."

'आपल्याकडे' हा शब्द ब्रेकबाईने मनात जपून ठेवला.

त्या आठवड्यात परवाना मिळाला आणि शिकवणी सुरू झाली. शहराबाहेर बंद गोदामांमागे एक मोकळं पटांगण होतं, सगळे नवशिके तिथूनच सुरुवात करत. ब्रेकबाईने इतर शिकवण्या दुसऱ्या एका शिक्षकाकडे सोपवल्या. रोज दीड तास ताई. केंद्राचे दिवस सोडून चिमणी मागच्या सीटवर, पट्टा लावून.

ताई रागाने गाडी चालवायची. क्लच असा सोडायची की गाडी बेडकासारखी उडी मारायची. गिअर बदलताना दरवेळी पुटपुटायची, "हे प्रभू." एकदा ब्रेकबाई म्हणाली, "त्याला बोलाव, पण आधी क्लच दाब." चिमणीला मात्र ही सगळी चंगळ वाटत होती. गाडी बंद पडली की ती टाळ्या वाजवायची. ताई चाकामागे असताना तिने एकदाही टाहो फोडला नाही. उलट दुसऱ्या आठवड्यात रस्त्यावर निघाल्यावर लाल दिवा दिसला की ती मागून ओरडू लागली, "थांब!" हिरवा झाला की, "जा!" तिची नजर एवढी पक्की होती की ताई दिव्याकडे बघेनाशीच झाली, आणि त्यावरून ब्रेकबाईला तिला झापावं लागलं.

ब्रेकबाईला दुखायचं. पाठीतून कळ निघायची आणि पोटात पसरायची. गोळ्यांच्या वेळा तिने शिकवणीच्या हिशेबाने बसवून घेतल्या होत्या. वजन उतरत होतं, कपडे अंगावर लोंबायला लागले होते. ताई बघत होती, बोलत नव्हती. तिचा राग कधी ओसरला ते दोघींनाही कळलं नाही. एक दिवस ताईने डब्यात पातळ भात मऊ शिजवून आणला आणि गाडी लावल्यावर चमचा तिच्या हातात दिला, एवढंच.

त्या दुपारी गोदामाच्या सावलीत गाडी उभी होती. ताईने समोर बघतच विचारलं, "भीती वाटते का तुला?"

"वाटते. आंघोळीला जाते तेव्हा. दार लावलं की वाटते. एवढं अंग आहे आपलं, हे कुठे जाणार? मग पाणी घेते अंगावर, आणि बाहेर येते."

"आणि प्रार्थना?"

"करते. पण जगव म्हणून नाही करत. ते तुम्ही करताच आहात." तिने चमचा चाटला. "मी म्हणते, आज दे. दिवस आहे ना आज, तो पुरता दे. ताई, सत्तावीस वर्षं मी अशा माणसांच्या शेजारी बसले ज्यांना गाडी येत नव्हती. रोज जिवंत घरी आले. तो नसता तर हे झालं असतं का?"

ताई खुदकन हसली आणि हसता हसता रडायला लागली. मागून चिमणीने विचारलं, "भात?" तिलाही दोन घास मिळाले.

उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यापर्यंत ताई बरीच तयार झाली होती. पण एक खोड जात नव्हती. चौक आला की ती समोर बघायच्या ऐवजी चटकन बहिणीच्या पायाकडे बघायची. आणि ब्रेकबाईचा पायही ऐकत नव्हता. गरज नसताना खाली जायचा, गाडी थबकायची. एकदा भर रहदारीत असं दोनदा झालं तेव्हा ताईने गाडी कडेला घेतली.

"चालवतंय कोण? तू की मी?"

ब्रेकबाईने पाय सीटखाली ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन मेकॅनिककडे गेली. तो तिची गाडी वीस वर्षं दुरुस्त करत होता.

"माझ्या बाजूचा ब्रेक काढून टाक."

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. "बाई, हा काढला तर तुमच्या नावात काय उरेल?"

"बाई उरेल. काढ."

"आणि ठोकली तर?"

"तर पुढची दुरुस्ती तुझ्याकडेच. आणि मी आता हिच्याशिवाय कुणाला शिकवायची नाही. काढ तू."

त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने पाना उचलला. काम व्हायला अर्धा तास लागला. उपवासकाळात कुणी गोड सोडतं, कुणी तंबाखू. आपण हे सोडलं, तिने मनात म्हटलं. पण निघण्याआधी शेजारच्या सीटपुढची मोकळी जागा तिने दोनदा वाकून पाहिली.

तीन दिवसांनी मोठ्या रस्त्यावर, पुलाच्या अलीकडे, तिला कळ आली. नेहमीची नव्हे. डोळ्यांपुढे अंधारी आली, ती पुढे वाकली, आणि तोंडातून आवाज निघाला. चिमणी मागे किंचाळली.

"काय होतंय? बोल!" ताई ओरडली.

"दवाखाना," एवढंच तिला म्हणता आलं.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांत आठवत राहिलं. ताईने आरसा पाहिला, वळायचा दिवा दिला, रांग बदलली. पुलावर समोर ट्रक, बाजूला बस. ब्रेकबाईचा पाय सवयीने खाली गेला आणि नुसत्याच पत्र्यावर आपटला. ताई थांबली नाही. ताईने गिअर बदलला, मधल्या फटीतून गाडी काढली आणि एका हाताने तिचं मनगट घट्ट धरलं. ओठांवर 'हे प्रभू' नव्हतं. ती चिमणीशी बोलत होती, मोठ्याने, एका लयीत. "दिवा बघ माझ्या राणी, कुठला आहे? लाल? बरं, थांबले. आता? हिरवा? शाब्बास, जाऊया." दवाखान्याच्या दारात तिने गाडी लावली ती दोन रेघांच्या बरोबर मधे. वेदनेतही ब्रेकबाईला ते दिसलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या वाढवल्या, आणि यापुढे तिने स्वतः गाडी चालवायची नाही असं बजावलं. ती म्हणाली, "हरकत नाही. माझ्याकडे ड्रायव्हर आहे."

ईस्टरला बारा दिवस उरले असताना, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी, ताई परीक्षेला बसली आणि नापास झाली. गाडी मागे घेताना खांब पडला. निरीक्षक तुसडा होता, म्हणाला, "आजी, या वयात कशाला दगदग?" ताई घरी आली तेव्हा ब्रेकबाईला वाटलं, झालं, संपलं. पण ताईने पर्स ठेवली आणि म्हणाली, "आजी म्हणतो. आठ दिवसांनी परत तारीख दिलीय. चल, उठ, मला मागे घ्यायचं शिकव."

उठणं तिला जमलं नाही. तिचे डोळे आणि कातडी पिवळी झाली होती. शुक्रवारी तिला दवाखान्यात दाखल केलं. पित्ताची वाट तुंबली होती, नळी घालावी लागली. मग शिकवणी खाटेवरून चालू झाली. ब्रेकबाई उशीला टेकून सांगायची, ताई खुर्चीवर उलटी बसून जेवणाचं ताट चाकासारखं धरायची. नर्सबाई आत आल्या आणि गोंधळून परत गेल्या. संध्याकाळी मेकॅनिक ताईला पटांगणात नेऊन तेच गाडीवर करून घ्यायचा. फादरही दोनदा आले. पहिल्यांदा त्यांनी खुर्च्या मांडून रस्ता तयार केला. दुसऱ्यांदा आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल तिला लावून प्रार्थना केली आणि पवित्र भाकर दिली. दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच गंभीरपणे केल्या.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी ताईची दुसरी परीक्षा होती. दहा वाजताची. अकरा वाजले, फोन नाही. साडेअकरा. ब्रेकबाई छताकडे बघत पडून होती. तिने ठरवलं, नापास झाली असली तरी रागवायचं नाही. तिसरी तारीख घ्यायची. आपण असू, नसू. ताई थांबणार नाही एवढं तिला आता पक्कं माहीत होतं. ते कळल्यावर फोनची वाट बघणं सुटलं, आणि तिला चक्क झोप लागली.

जाग आली तेव्हा ताई खाटेपाशी उभी होती. केस वाऱ्याने विस्कटलेले. खुर्चीत चिमणी.

"मेकॅनिक कुठाय?" ब्रेकबाईने विचारलं.

"दुकानात सोडलं त्याला. मग शेजारणीकडून हिला घेतलं, आज केंद्र बुडलंच हिचं. मग इथे आले." ताईने गाडीची चावी उशाशी ठेवली. "एकटी."

"निरीक्षक काय म्हणाला?"

"काही नाही. सही केली. मीच म्हटलं, आजोबा, जपून राहा."

ब्रेकबाई इतकी हसली की नर्सबाईंना येऊन नळी तपासावी लागली. मग तिने ताईचा हात गालाशी धरला आणि बराच वेळ सोडला नाही. माफी एकदा मागून झाली होती. आता ती मिळाली, हे तिला त्या हातात कळलं.

गुरुवारी तिला घरी सोडलं, म्हणजे ताईच्या घरी. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सकाळी ताईने दोघींना चर्चला नेलं. वेदी फुलांनी भरली होती. ब्रेकबाईला उभं राहवत नव्हतं. तिने बसूनच गाणी म्हटली, खणखणीत, आणि पुढच्या बाकांवरचे लोक वळून पाहू लागले.

त्यानंतर तिला जवळजवळ सात आठवडे मिळाले. तिने ते अंथरुणात घालवले नाहीत. अंगात त्राण असेल त्या दिवशी ती ताईला म्हणायची, "काढ गाडी." कधी नदीपर्यंत, कधी नुसतं जुन्या शाळेपर्यंत. सत्तावीस वर्षं त्याच रस्त्यांवर फिरूनही तिने फक्त रस्ता पाहिला होता. आता तिने बाजूची झाडं पाहिली, दुकानांच्या वरचे मजले पाहिले, एका गच्चीवर कुणीतरी मांडलेल्या कुंड्या पाहिल्या. बँकेतला गृहस्थ पास झाला तेव्हा त्याच्या घरी जाऊन चहा घेतला. धाकट्या चुलतभावाशी बारा वर्षांचा अबोला होता. त्याच्या दारात गाडी थांबवायला लावून तिने स्वतः घंटी वाजवली. आत काय बोलणं झालं ते ताईलाही कळलं नाही, पण चुलतभाऊ तिला हात धरून गाडीपर्यंत सोडायला आला.

ती एका मंगळवारी दुपारी गेली. ताई उशाशी, चिमणी पायांशी, फादर वेळेत पोचलेले. शेवटच्या दोन दिवसांत ती फारसं बोलली नाही. एकदा डोळे उघडून म्हणाली, "बरं चाललंय," आणि ते कशाबद्दल, हे तिला कुणी विचारलं नाही.

गुरुवारी मातीला सगळे आले. कितीतरी माणसं, बहुतेक तिचे विद्यार्थी; कबरस्तानाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. सगळं आटोपल्यावर बायका ताईला म्हणाल्या, उद्या आता कुठे जाऊ नका, आठ दिवस घरीच राहा, पोरीचं केंद्र कुठे पळून जात नाही.

"उद्या शुक्रवार आहे," ताई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिने चिमणीला न्हाऊ घातलं, खुर्ची घडी करून मागे ठेवली, तिचा पट्टा दोनदा तपासला. डोळे सुजले होते. ते तिने गार पाण्याने धुतले. चावी फिरवताना हुंदका आला, तेव्हा ती थोडी थांबली. मग फाटकाबाहेर गाडी काढली, तोच शेजारची म्हातारी काठी टेकत पुढे आली. एका डोळ्याला पट्टी होती.

"तुम्ही केंद्राच्या बाजूला जाताय का गं? डोळ्यांचा दवाखाना तिकडेच आहे. मुलाला सुट्टी नाही. पण तुमच्या घरात असं झालंय, मी कशी विचारू?"

ताईने वाकून शेजारचं दार उघडलं.

"बसा," ती म्हणाली. "पट्टा लावा आधी."